तयारी सह्याद्रीत, कसोटी हिमालयात
हौशी सायकलपटूंच्या दीर्घ पर्वतीय प्रवासाची पूर्वतयारी

सायकल हे महाराष्ट्राच्या खेड्यांत आणि शहरांत पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेले वाहन होय. शाळेत जाणारी मुले, दूधवाले, टपाल वाटणारे पोस्टमन, कारखान्यांतील कामगार या सर्वांची ती सोबतीण होती. पुणे तर एकेकाळी सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. पुढे स्वयंचलित दुचाकी वाहने वाढली आणि सायकल मागे पडली. अलीकडे मात्र खेळ, छंद आणि आरोग्य या नात्याने ती पुन्हा घराघरात येऊ लागली आहे. नोकरी-व्यवसाय सांभाळून शेकडो किलोमीटरांचा प्रवास करणारे हौशी सायकलपटू आज महाराष्ट्राच्या अनेक शहरांत आढळतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० कि. मी.ची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली तीच शर्यत एकट्याने पार केली. हे तिघेही व्यवसायाने डॉक्टर आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

अशा उदाहरणांनी उत्साहित होऊन दरवर्षी अनेक जण हिमालयाची वाट धरतात. त्यातही मनाली ते लेह हा मार्ग सायकलपटूंना विशेष खुणावतो. उत्साह असावाच, परंतु या मार्गाची तयारी ही निव्वळ पायांची तयारी नव्हे. ती कशी करावी आणि तिची मर्यादा कोठे आहे, याचा विचार येथे केला आहे.

मार्गाचे स्वरूप

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे होय. त्याची उंची १,६४६ मीटर आहे. मनाली हे गाव सुमारे २,०५० मीटर उंचीवर वसले आहे. म्हणजे आपल्या राज्यातील सर्वोच्च बिंदूपेक्षाही चारशे मीटर उंचावरून या प्रवासाचा आरंभ होतो. तेथून रोहतांग (३,९७८ मीटर), बारालाचा ला (सुमारे ४,९०० मीटर), नकी ला (सुमारे ४,७५० मीटर), लाचुंग ला (सुमारे ५,०६० मीटर) आणि तंगलांग ला (सुमारे ५,३०० मीटर) अशा पाच खिंडी ओलांडून रस्ता सिंधूच्या खोऱ्यात उतरतो आणि सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहला पोहोचतो. रोहतांगच्या जुन्या रस्त्याने हे अंतर पावणेपाचशे किलोमीटरांच्या आसपास भरते. पाच खिंडींचे मुख्य चढच तेवढे मोजले, तरी एकूण चढाई पाच हजार मीटरांहून अधिक होते. नकी लाच्या अलीकडील गाटा लूप्स या टप्प्यात तर एकापाठोपाठ एकवीस वळणे चढावी लागतात.

हा रस्ता सीमा सडक संघटनेच्या देखरेखीखाली असून हिवाळ्यात बर्फामुळे बंद राहतो. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगद्याचे उद्घाटन झाल्यापासून मोटारींची बरीचशी वर्दळ रोहतांग खिंडीवरून कमी झाली. असे असले तरी काही ठिकाणी डांबर उखडलेले असते, तर काही ठिकाणी बर्फ वितळून आलेले पाण्याचे प्रवाह रस्त्यावरून वाहतात. रुंद टायरची, भक्कम सांगाड्याची आणि हलक्या गिअरची पर्वतीय सायकल येथे उपयोगी पडते ती यामुळेच.

ही पर्वतीय सायकल मुळात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याची देणगी होय. १९७० नंतरच्या दशकात तेथील मरीन परगण्यातील काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन टमाल्पाइस पर्वताच्या परिसरातील उतारांवर शर्यती लावीत. उतरताना मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे की, आतील वंगण जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. यावरूनच १९७६ साली सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीला 'रिपॅक', म्हणजे 'पुन्हा भरणे', असे नाव पडले. वीस वर्षांनी, १९९६ साली अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत पर्वतीय सायकल शर्यतीला स्थान मिळाले.

चोवीस आठवड्यांचे नियोजन

पुण्यातील एखाद्या कचेरीत काम करणारा, चाळिशीकडे झुकलेला, रविवारी हौसेने तीस-चाळीस किलोमीटर सायकल चालविणारा एक गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. सप्टेंबरच्या आरंभी त्याला मनालीहून निघावयाचे आहे. वैद्यकीय तपासणी, विशेषतः हृदय व रक्तदाब यांची तपासणी, हे त्याचे पहिले पाऊल होय. डॉक्टरांनी अनुमती दिल्यानंतर मार्चच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत त्याला सुमारे चोवीस आठवडे मिळतात. त्यांची विभागणी चार टप्प्यांत करता येईल.

पहिले दहा आठवडे पाया घालण्याचे. मंगळवारी व गुरुवारी पहाटे प्रत्येकी एक तास, शनिवारी दीड ते दोन तास आणि रविवारी एक लांबचा फेरफटका, एवढे पुरे. या काळात वेग वाढविण्याचा मोह टाळावा. सायकल चालविताना शेजारच्या सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की, वेग अधिक झाला असे समजावे. या संथ श्रमानेच हृदयाची रक्त पुरविण्याची क्षमता वाढते आणि स्नायू चरबीचा इंधन म्हणून अधिक चांगला उपयोग करू लागतात. हे दिवस एप्रिल-मेच्या उन्हाळ्याचे असल्याने सूर्योदयापूर्वी निघून ऊन चढण्यापूर्वी परतणे श्रेयस्कर ठरते.

पुढील आठ आठवडे चढणीचे. आपल्या भाग्याने सह्याद्रीने घाटांची उणीव ठेवलेली नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटाच्या चढाला जे महत्त्व आहे, ते सर्वश्रुत आहे. पुणेकरांना सिंहगड जवळचा. पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा रस्ता सुमारे सहाशे मीटर चढवितो. वाईहून पाचगणीला नेणारा पसरणी घाटही लांब, सलग चढाच्या सरावास उत्तम. नाशिककरांना कसारा, तर कोल्हापूर व सावंतवाडीकडील मंडळींना आंबोली घाट आहे. मात्र हे दिवस पावसाचे. शेवाळलेला कडेचा भाग, धुके आणि दरडी यांमुळे मुसळधार पावसात घाटात जाणे टाळावे आणि इतर दिवशीही पुढे-मागे दिवे लावूनच जावे.

तिसरा टप्पा चार आठवड्यांचा आणि रंगीत तालमीचा. मनाली-लेह मार्गावर एक मोठा दिवस पार पाडून भागत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा सीटवर बसावे लागते. म्हणून शनिवार व रविवार असे लागोपाठ दोन दिवस लांबचा प्रवास करावा. तोही प्रत्यक्ष न्यावयाचे सामान लादूनच करावा. 'ब्रेव्हे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दीर्घ सायकल फेऱ्यांत २०० कि. मी. साठी साडेतेरा तासांची मुदत असते. अशी एखादी फेरी मुदतीत आणि फारसे न थकता पूर्ण होणे, हे तयारी योग्य दिशेने चालल्याचे एक लक्षण मानता येईल.

शेवटचे दोन आठवडे श्रम निम्म्यावर आणण्याचे. अनेकांना हीच गोष्ट सर्वांत अवघड जाते. प्रवास जवळ आला म्हणून अखेरच्या आठवड्यात जिवाचा आटापिटा करणारे पुष्कळ असतात. परंतु त्या श्रमाचा लाभ शरीरात मुरण्यास वेळच उरत नाही; थकवा मात्र सोबत येतो.

विश्रांती हाही सरावच

व्यायामाने शरीर प्रथम झिजते. ते बळकट होते ते त्यानंतरच्या विश्रांतीत आणि झोपेत. म्हणून तीन आठवडे श्रम थोडे थोडे वाढवावेत आणि चौथ्या आठवड्यात ते बरेच कमी करावेत. एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात जाताना सुमारे एक-दशांशापेक्षा अधिक वाढ न करणे हा सावधगिरीचा नियम आहे. रोज सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडीचे ठोके मोजून वहीत लिहून ठेवावेत. नेहमीपेक्षा ते सात-आठांनी अधिक भरले, झोप नीट लागली नाही किंवा विनाकारण चिडचिड होऊ लागली, तर त्या दिवशी सायकल घरीच ठेवावी. कचेरीचे काम, संसार आणि सराव यांची ओढाताण होते तेव्हा झोपेचा बळी देऊन पहाटेचा सराव साधण्याकडे कल असतो. हा हिशेब तोट्याचा आहे.

चढ, गिअर आणि दम

घाट चढताना पायांचे बळ किती, यापेक्षा ते कसे खर्च होते याला महत्त्व आहे. समजा, स्वार, सायकल व सामान मिळून ९० किलो वजन आहे आणि चढ शंभरास पाच या प्रमाणाचा आहे. ताशी सहा किलोमीटरांच्या थोड्या वरच्या वेगाने हा चढ चढण्यास सुमारे ९० वॅट शक्ती लागते. तोच चढ ताशी साडेनऊ किलोमीटरांनी चढावयाचा म्हटले, तर सुमारे १४० वॅट लागतात. समुद्रसपाटीजवळ सराव झालेल्या हौशी सायकलपटूला १४० वॅट काही वेळ सहज पेलतात. पाच हजार मीटर उंचीवर मात्र शरीराची कमाल श्रमक्षमता सुमारे एक-तृतीयांशाने घटते आणि तोच वेग दम उखडणारा ठरतो.

यावर उपाय हलक्या गिअरचा. पुढील चकतीला ३२ दाते आणि मागील सर्वांत मोठ्या चकतीला ५० दाते असतील, तर मोठ्या चाकाची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे दीड मीटर पुढे सरकते. मिनिटाला सत्तर फेरे या गतीने ताशी सुमारे सहा किलोमीटर वेग पडतो, म्हणजे वर सांगितलेला ९० वॅटचा हिशेब बरोबर जुळतो. गिअर जड असल्यास याच वेगाला फेरे मंदावतात, प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यांवर अधिक ताण येतो आणि स्नायू लवकर थकतात. म्हणून सायकल घेतानाच मागील मोठ्या चकतीचे दाते मोजून घ्यावेत. सिंहगड चढताना 'हे फारच सोपे झाले' असे वाटावयास लावणारा गिअर तंगलांग लाला नेमका उपयोगी पडतो.

आहार व पाणी

शरीरात यकृत आणि स्नायू मिळून सुमारे चारशे ते पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन साठविलेले असते. त्यातून सुमारे दोन हजार उष्मांक मिळू शकतात. चढणीवर तासाला चारशे-पाचशे उष्मांक खर्च होत असतील, तर ही शिदोरी फार काळ पुरणार नाही हे उघड आहे. ती संपली की, पायांतील त्राण एकाएकी जाते, डोके जड होते आणि निर्णय चुकू लागतात. म्हणून भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या तासापासूनच दर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पोटात गेली पाहिजेत. एका मध्यम केळ्यातून सुमारे पंचवीस ग्रॅम मिळतात. सुपारीएवढे गुळाचे दोन-तीन खडे, चार-पाच खजूर किंवा शेंगदाण्याची चिक्की हेही घरचे आणि खात्रीचे पदार्थ आहेत. सायकलवर काय पचते, हे सरावाच्या काळातच ठरवावे. उंचावर भूक मंदावते. तेथे नवा पदार्थ खाऊन पाहणे अनिष्ट होय.

पाण्याच्या बाबतीत दोन्ही टोके टाळावीत. लांबच्या फेरीपूर्वी आणि फेरीनंतर वजन करून पाहणे ही सोपी कसोटी आहे. वजन दोन टक्क्यांहून अधिक घटले असेल, तर पाणी कमी पडले. वजन वाढले असेल, तर ते प्रमाणाबाहेर प्यायले गेले. नुसते पाणी फार प्याल्याने रक्तातील सोडियम घटून जीवावर बेतू शकते, हे अनेकांना ठाऊक नसते. तहान लागेल तसे घोट घोट पाणी प्यावे आणि घाम फार येत असल्यास त्यात मीठ-साखर किंवा जलसंजीवनी मिसळावी.

सायकलची निगा

लेहच्या वाटेवर सायकल दुरुस्तीचे दुकान हाताशी नसते. पंक्चर काढणे, ट्यूब बदलणे, तुटलेली चेन जोडणे, ब्रेकचे झिजलेले पॅड बदलणे आणि आरा तुटल्यास चाक तात्पुरते सरळ करणे एवढी कामे स्वारास स्वतःला आलीच पाहिजेत. ती घरी दोन-चार वेळा करून पाहावीत, त्यांपैकी एकदा तरी पावसात. घाटातील चिखलाने पॅड किती लवकर झिजतात, हे जून-जुलैमधील सरावात आपोआप कळते. उतारावर ब्रेक सतत दाबून न धरता थोडा दाबावा, सोडावा आणि पुन्हा दाबावा. 'रिपॅक'च्या काळापासून ब्रेकचा शत्रू उष्णता हाच आहे. सीटची उंची टाच पायडलवर ठेवून पाय सरळ होईल इतकी असावी. ती ठरल्यानंतर प्रवासाच्या तोंडावर बदलू नये.

विरळ हवा : घरी न करता येणारा अभ्यास

येथपर्यंतची सर्व तयारी सह्याद्रीत करता येते. पुढची येत नाही. तंगलांग लाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो आणि प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. शरीर याला हळूहळू सरावते, पण त्यासाठी दिवस द्यावे लागतात. पुण्यात कितीही घाट चढले तरी ते दिवस वाचत नाहीत. किंबहुना तंदुरुस्त माणूस अधिक वेगाने वर जातो, म्हणून त्याला विरळ हवेचा त्रास होण्याचा धोका कमी न होता वाढूही शकतो.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, झोप न येणे आणि विलक्षण थकवा ही या त्रासाची पहिली लक्षणे होत. ती दिसताच आणखी वर जाऊ नये. विश्रांतीने आराम पडला नाही, तर खाली उतरावे. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही लक्षणे फुप्फुसात पाणी साठल्याची अथवा मेंदूला सूज आल्याची असू शकतात. अशा वेळी रात्र असली तरी तत्काळ खाली उतरणे आणि वैद्यकीय मदत मिळविणे एवढाच मार्ग उरतो. प्रतिबंधक औषध घ्यावयाचे असल्यास ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

तीन हजार मीटरांच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम करावा, हा सर्वमान्य नियम आहे. दिवसा उंच चढून रात्री खाली झोपणे हेही हितकारक असते. या दृष्टीने बोगद्याकडे न वळता रोहतांगच्या जुन्या रस्त्याने जाणेच सायकलपटूला उपयुक्त ठरते. खिंडीचा माथा जवळजवळ चार हजार मीटरांवर आहे आणि पलीकडे उतरून तीन हजार मीटरांच्या आसपास झोपता येते. केलाँग किंवा जिस्पा येथे दोन रात्री काढणे हा वेळेचा अपव्यय नव्हे.

या मार्गाची खरी अडचण पुढे आहे. सरचूचा मुक्काम सुमारे ४,३०० मीटरांवर आहे. तेथे रात्री कोणाची प्रकृती बिघडली, तर मागे बारालाचा ला आणि पुढे नकी ला व लाचुंग ला. म्हणजे खाली उतरण्यासाठी कोणत्याही दिशेने आधी वरच चढावे लागते. जिस्पाहून मोटारीने काही तासांत सरचूला येणाऱ्याची झोपण्याची उंची एका दिवसात हजार मीटरांहून अधिक वाढते आणि तो या पेचात सापडतो. सायकलपटूने बारालाचा लाच्या अलीकडेच एक-दोन मुक्काम करावेत आणि स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे : डोके दुखते आहे काय? जेवण गेले काय? झोप लागली काय? या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तरच खिंड ओलांडावी. मागे वळण्याचा रस्ता येथपर्यंतच सोपा आहे.

दोन दिवसांची जादा रजा

हे लिहिण्यास सोपे आणि आचरण्यास कठीण आहे. सहा महिने पहाटे उठून सराव केलेला असतो. घरच्यांनी रविवार सोडलेले असतात, सहकाऱ्यांनी निरोप दिलेला असतो आणि परतीचे तिकीट खिशात असते. अशा वेळी ठणकणारे डोके 'थोडेसेच दुखते आहे' असे वाटू लागते. सोबती पुढे निघतात आणि एकट्याने मागे राहणे लाजिरवाणे वाटते. पर्वतात घडणाऱ्या अनेक अनर्थांची सुरुवात अशाच एखाद्या सकाळी होते.

यावर उपाय मनालीला पोहोचण्याच्या कितीतरी आधी करावयाचा असतो. रजेचा अर्ज लिहितानाच त्यात दोन दिवस जादा मागावेत. कोणत्या लक्षणावर थांबावयाचे आणि कोणत्या लक्षणावर परतावयाचे, हे सोबत्यांनी घरी बसून एकमताने ठरवावे, कागदावर लिहावे आणि प्रत्येकाने तो कागद जवळ ठेवावा. एक थांबला तर त्याच्याबरोबर आणखी एकाने थांबावे, हाही नियम त्यात असावा. सरावाच्या काळातही एखाद्या रविवारी दरड, धुके किंवा ताप यांमुळे अर्ध्या घाटातून परतण्याची वेळ येते. तो दिवस वाया गेला असे मानू नये. परत फिरण्याचाही सराव लागतो आणि तो सह्याद्रीत करता येतो.

हिमालयातील रस्ता पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा खुला होतो. सहा महिन्यांत कमावलेले पाय, घडविलेल्या सवयी आणि वहीतील नोंदी वर्षभर टिकवून ठेवता येतात. बारालाचा लाच्या अलीकडून सुखरूप परतलेला सायकलपटू त्या भांडवलावर पुन्हा निघू शकतो, आणि अशा माणसाला दुसऱ्या खेपेस तंगलांग लाचा माथा फार दूर राहत नाही.